वाळूत पुरलेले पाय

आये, तुला वाचता येत नव्हतं, त्यामुळे हे पत्र तसंही माझ्याच उरावर राहणार. तरी लिहिते. काल बोईसरला माझं भाषण होतं. हो, तुझी लुळ्या पायांची पोर आता भाषणं ठोकते. पालघरच्या एका कचेरीत चाकाची खुर्ची चढवायला उतार नव्हता, तेव्हा मी पायरीवरच ठाण मांडलं होतं. शेवटी साहेबाला मला ओलांडून जायची लाज वाटली आणि उतार झाला. तेव्हापासून कार्यक्रम ठेवणारे लोक मला शोधत येतात आणि म्हणतात, ताई, तुमची कहाणी सांगा.

त्या कहाणीत तू आहेस. मी सांगते, लहानपणी पोलिओ झाला, तापातून उठले तर पाय गेलेले. मग जरा थांबते आणि म्हणते, "माझ्या आईने मला कंबरेपर्यंत वाळूत पुरलं." पुन्हा थांबते. बायका पदर तोंडाला लावतात, चुकचुकतात. मग अंधश्रद्धेवर चार शब्द, भालाफेकीची पदकं, टाळ्या. खोटं त्यात काहीच नाही गं. पण मी जिथे थांबते ना, तिथे थांबणं हाच चोरटेपणा आहे.

कारण मला पुढचं सगळं आठवतंय. शिरगावचा किनारा, किल्ल्याकडची बाजू, बांबूंच्या वलांड्यांवर ओळीने वाळत लोंबणारे बोंबील. शेजारच्या म्हातारीने तुला सांगितलंय की ऊन खाल्लेली वाळू पायांत बळ भरते. तू खड्डा करतेस, मला त्यात बसवतेस आणि दोन्ही हातांनी वाळू ओढतेस. मी भोकाड पसरते. पोरं जमून खिदळतात. तुझ्या टोपल्या तशाच पडल्यात, काम खोळंबलंय, पण तू माझ्या शेजारी फतकल मारतेस आणि स्वतःचे पायही वाळूत पुरून घेतेस. "आता दोगींना हसा, मेल्यांनो!" मग शिंपल्यांचा ढीग माझ्या पुढ्यात लोटतेस. "पाय नाय तं नाय, हात हायत नं? कावले हाकल. एक बोंबील जरी गेला तं जेवायला नाय देणार." जेवायला तू द्यायचीसच, वर काटे काढून द्यायचीस.

पुढे भालाफेकीला गेले तेव्हा मला लोखंडी स्टुलावर बसवून मांड्या पट्ट्यांनी करकचून बांधल्या. कंबरेखाली हलायचं नाही, सगळा जोर वरून काढायचा. नवीन पोरी डुगडुगत होत्या. मी मात्र जन्मभर तशीच बसून फेकत आल्यासारखा भाला फेकला. सर चकितच झाले. "बसून फेकायला कोणी शिकवलं?" मी म्हटलं, "कोणी नाही सर, माझी मीच." तेव्हा तू अजून होतीस. घरी आल्यावर पदक उलटसुलट करून बघितलंस आणि विचारलंस, "कावल्यांना मारायचीस तसाच फेकलास नं?" मी फणकारले, "आये, हा खेळ आहे!" तू हसलीस आणि पदक डब्यात ठेवायला गेलीस.

काल भाषण संपल्यावर सरावलीला राहणारी एक बाई मागे राहिली. नवरा कारखान्यात कामाला, कडेवर चांगला मोठा मुलगा, पाय लोंबणारे. त्याच्या पायांत चपला होत्या आणि त्यांचे तळ कोरेच्या कोरे होते. ती म्हणाली, "दीदी, गाँव में सबने कहा तो मैंने भी इसको रेत में बिठाया था. मैं भी आपकी माँ जैसी बुरी हूँ क्या?"

मी घाईघाईने बोलत सुटले. डॉक्टर सांगितला, अपंगत्वाचा दाखला कसा काढायचा ते सांगितलं, शाळेचं सांगितलं. तुझे पाय माझ्या शेजारी पुरलेले होते, एवढंच काय ते सांगितलं नाही. ती मान खाली घालून गेली. लाज वाटते आये, अगदी तोंड लपवावंसं वाटतं. वाळूने पाय बरे होत नाहीत, तिथे तू चुकलीसच, आणि ते मी ठणकावून सांगणारच. पण तुला विकून मी टाळ्या घेतल्या, आणि काल त्या बाईलाही तुझ्याबरोबर विकलं.

उद्या पालघरला बोलायचंय. त्या बाईला निरोप धाडलाय, ती येणार आहे. सकाळी भाषण नव्याने लिहिलं. तुझे पाय घातले, शिंपले घातले, तुझं 'मेल्यांनो'सुद्धा घातलं. मग मोठ्याने म्हणून बघितलं. "माझ्या आईने मला वाळूत पुरलं" इथवर आले आणि सवयीने थांबले, कोणी चुकचुकतंय का ते ऐकत. घरात मी एकटीच होते.