तूर्तासनगरीचे सात भाग आणि अप्पा

५ जानेवारी, रविवार

अप्पा आले. डाव्या डोळ्यावर पट्टी, हातात पिशवी, तोंड बंद.

मोतीबिंदूचं ऑपरेशन काल इथंच जालन्यात झालं. डोळ्याला सूज आहे. डॉक्टर म्हणाले — महिनाभर वाचन बंद, टीव्ही बंद, वाकायचं नाही. उजव्या डोळ्याला तसंही धुकंच दिसतं. आष्टीत एकटे कसे राहणार? आई असती तर गोष्ट वेगळी. दादानं पुण्याहून फोनवरच ठरवून टाकलं — "ज्योत्स्नाकडं राहतील." मला विचारलं नाही. त्यांनाही विचारलं नसेल.

वर्ष होऊन गेलं, आम्ही दोघं धड बोललेलो नाही. मी संपतचं घर सोडून आष्टीला आल्ते तेव्हा अप्पांनीच मला एसटीनं परत टेंभुर्णीला नेऊन सोडलं. "थोडं सहन कर माय, संसार असाच असतो." आठवडाही झाला नाही, मी पुन्हा निघाले. या वेळी आष्टीला नाही, सरळ जालन्याला. बियाणं कंपनीत नोकरी, एमआयडीसीजवळ ही एक खोली. संपतनं नांदायला यावं म्हणून केस टाकली. तारखा चालू आहेत. अप्पा एकाही तारखेला आले नाहीत.

आता ते माझ्या पलंगावर आहेत आणि मी खाली सतरंजीवर.

६ जानेवारी, सोमवार

"चहा?" — "दे."
"जेवता?" — "मागून."
दिवसभराचं बोलणं एवढंच!

८ जानेवारी, बुधवार

ज्या माणसानं जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं आणि रोज काही ना काही वाचल्याशिवाय जो झोपला नाही, त्याला बिनवाचनाचं बसलेलं मला बघवत नाही. पेपरची घडी मांडीवर घेऊन नुसते बसतात. शेवटी मीच म्हटलं, "वाचून दाखवू?" अग्रलेख वाचला. बाजारभाव वाचले. निविदा सूचनासुद्धा वाचल्या! पेपर संपला.

"अजून काय हाय?"

माझ्या फळीवर काय असणार — 'तूर्तासनगरी'चे सात भाग. म्हटलं, "आहे, पण तुम्हाला आवडायचं नाही. जादूगार, राक्षस, थट्टामस्करी."

"वाच. कानाला काय, काहीही चालतं."

पहिला भाग काढला. राजा म्हणतो प्रधानाचं तोंड बंद कर. घोळनाथ जादूगाराचा मंत्र नेहमीप्रमाणे चुकतो आणि दरबारातल्या खुर्च्याच बोलायला लागतात! कोण किती झोपतो, कोण बसल्या बसल्या काय खातो, सगळं बाहेर. मला हसू आवरेना, वाचायचं थांबावं लागलं. वर बघितलं तर अप्पांचा चेहरा शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखा.

"झालं?"
"झालं."
"बरं."

जगातली सगळ्यात भारी पुस्तकं आहेत ही! कंपनीच्या कॅन्टीनमध्ये मी हे सगळ्यांना सांगत फिरते. आणि इथं — बरं.

१२ जानेवारी, रविवार

आज दुसरा भाग. तूर्तासनगरीत राजा जन्मानं होत नाही. सकाळी सिंहासनावर जो पहिला बसेल तो त्या दिवसापुरता राजा. म्हणून सगळे सरदार अंथरूण-पांघरूण घेऊन वेशीशी झोपतात. एके दिवशी शेळी बसते! आणि तिच्या राज्यात एकही तक्रार येत नाही.

अप्पांनी पहिल्यांदाच मधे टोकलं. "म्हंजे राजाचा पोरगा राजा, असं न्हाई?"
"नाही."
"हे बराबर हाय."

मला इतकं बरं वाटलं! तेवढ्यात — "दरबाराचं दार कोण उघडतं?"
"झाडूवाली. पहाटे येते, दार उघडते, झाडून घेते."
"मंग सगळ्यात आधी आत तीच."
"हो..."
"मंग ती का न्हाई बसत?"

मी परत पानाकडं बघितलं.

"नाव काय तिचं?"

पानं उलटली. झाडूवाली. सगळीकडे नुसतंच झाडूवाली.

"पुढं येत असंल," अप्पा म्हणाले. गृहपाठ न केलेल्या पोराला म्हणतात तशा आवाजात.

पुढं येत नाही. मला माहीत आहे. सातही भागांत येत नाही. कितीदा वाचलीत ही पुस्तकं, कोणत्या पानाला हळद लागलीय तेही पाठ आहे, आणि हे कधी दिसलंच नाही. रोज सगळ्यात आधी तीच आत जाते. न्यायानं रोज राणी तीच! गावातल्या शेळीला जे सुचलं ते लिहिणाऱ्याला झाडूवालीच्या बाबतीत सुचलं नाही. आणि वाचणारीलाही नाही.

राग आला. लेखकाचा नाही, अप्पांचा. चार दिवस ऐकलं आणि तळच काढून ठेवला!

१५ जानेवारी, बुधवार

गंधालीला सांगितलं. आम्ही दोघी एकाच लॅबमध्ये, ओल्या कागदाच्या गुंडाळ्यांत कपाशीचं बी ठेवायचं आणि किती उगवलं ते मोजायचं. ती इंग्रजीतली जाडजूड पुस्तकं वाचते, पहिल्या पानावर नकाशे असलेली. वाटलं, माझी बाजू घेईल.

"काकांचं बरोबरच आहे की," म्हणाली. आणि मग, "राग मानू नकोस ज्योत्स्ना. तू ती वाईट दिवसांत वाचलीस. तेव्हा जे हाताशी होतं तेच बेस्ट वाटलं, बस."

"असं काही नाही," म्हटलं मी. पण दुपारभर मोजणी चुकत होती. एक गुंडाळी दोनदा उलगडली.

१६ जानेवारी, गुरुवार

गंधालीशी बोलले नाही. डबा वेगळा खाल्ला. तिच्या नकाशांत तरी झाडूवालीचं घर दाखवलेलं असतं का?

१९ जानेवारी, रविवार

आज चौथा भाग काढला आणि अप्पांच्या हातात दिला, पाणी घेऊन येते म्हटलं. आले तर ते पुस्तक बोटांनी चाचपून राह्यलेले. कडा, पुठ्ठा, पानं.

"हे असं फुगलं कशानं?"

भिजलं, म्हटलं.

"कसं भिजलं?"

खोटं सांगता आलं असतं. पण त्यांच्या डोळ्यावर पट्टी होती आणि ते माझ्याकडे बघत नव्हते, म्हणून सोपं गेलं. सांगितलं. मी टेंभुर्णीत चुलीपाशी बसून वाचत होते. राक्षसाला सर्दी होते आणि तोंडातून आगच निघत नाही, म्हणून समोरचं सैन्य लढाई थांबवून त्याला काढा करून देतं, तो भाग. मी मोठ्यानं हसले. संपत आत आला. "एवढं हसण्यासारखं काय हाय या घरात?" पुस्तक ओढून घेतलं आणि अंगणातल्या हौदात टाकलं. मी काढायला गेले तर मानेला धरून मलाही वाकवलं. पाण्यापर्यंत.

अप्पांची बोटं पुठ्ठ्यावरच थांबली. मग — "कवा?"

"तुम्ही सोडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी."

पुस्तक त्यांच्या मांडीवर होतं. दोन्ही हात त्यावर. बाहेर कुणीतरी टेम्पो धूत होतं, त्याचं गाणं चालू होतं.

"तू सांगितलं न्हाई."

"तुम्ही विचारलं नाही, अप्पा."

मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. उलट हलकं वाटलं.

मग ते म्हणाले, "वाच. तो राक्षसाचाच भाग वाच."

वाचला. पानं एकमेकांना चिकटलेली, सावकाश सोडवावी लागतात. काढ्यापाशी मला हसू आलंच. अप्पांना नाही. पण पान उलटताना पुस्तक घसरलं तर त्यांनी खालून हात लावून धरलं, आणि शेवटपर्यंत तसंच धरून ठेवलं.

२० जानेवारी, सोमवार

कामावरून आले तर अप्पांनी स्वतःचा कप विसळून ठेवलेला. माझाही.

२६ जानेवारी, रविवार

सकाळी परेड — ते ऐकतात, मी बघते. दुपारी शेळीचा भाग परत वाचायला लावला.

मी सरळ विचारलं. "खरं सांगा. ही सगळ्यात भारी पुस्तकं आहेत की नाहीत?"

"न्हाई."

"का?"

"झाडूवालीला नाव न्हाई, तवर न्हाई."

मग तेच म्हणाले, "पण लिहिणारा हुशार हाय. हसवत हसवत साहेब लोकांची बिलकुल अब्रू काढतो." थोडं थांबून, "आन पहिला नंबर कशाला पाहिजे गं? ती सवय मीच लावली तुला. आठवीत दुसरी आल्तीस तर जेवली न्हाईस."

आठवत होतं त्यांना!

मग मी गंधालीचं बोलणं सांगितलं, वाईट दिवसांत वाचलं म्हणून बेस्ट वाटतं ते. अप्पा म्हणाले, "मंग? वाईट दिवसांत तिची नकाशाची पुस्तकं का न्हाई आली कामाला? हेच आलं ना?"

उद्या गंधालीला पहिला भाग नेऊन देणार आहे. म्हणेन, वाच आणि मग भांड.

३१ जानेवारी, शुक्रवार

तपासणी. अप्पांना दवाखान्यात सोडून मी बाजार करून येईपर्यंत ते आतून बाहेर आलेसुद्धा. हातात नव्या चष्म्याचा डबा. "काय म्हणले?" — "अजून आराम सांगितलाय."

पाचवा भाग चालू आहे. तरंगता किल्ला खाली उतरत नाही, कारण उतरण्याची परवानगी मिळालेली नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

एमआयडीसीत लाइट गेली, दुपारीच सोडलं. खोलीची खिडकी उघडी होती. आत बघितलं आणि पाय तिथंच थांबले.

अप्पा पलंगावर बसलेले. नवा चष्मा. हातात सहावा भाग — आम्ही अजून पाचवाच वाचतोय! आणि ते हसत होते. साधं नाही, खांदे हलत होते, मांडीवर थाप मारत होते, चष्मा काढून डोळा पुसायला गेले आणि ऑपरेशन आठवून हात मागं घेतला. परत हसले. आई गेल्यापासून मी अप्पांना असं हसताना बघितलं नव्हतं.

मला आत जाता येईना. कोपऱ्यावर जाऊन चहा घेतला. सावकाश पिले. मग परत आले आणि कडी मुद्दाम जोरात वाजवली.

आत अप्पा आडवे. डोळ्यांवर हात. पुस्तक फळीवर जागच्या जागी.

"आज जल्दी आलीस?"
"लाइट गेली."
"मंग वाच थोडं. किल्ला उतरला का न्हाई?"

वाचलं. गमतीच्या जागी तोच तपासणीचा चेहरा. आता मला त्या चेहऱ्याचंच हसू येत होतं. काही बोलले नाही. दिसतंय म्हटलं की आष्टीला जावं लागेल, असं वाटत असेल त्यांना. जाऊ दे. मलाही घाई नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

गंधालीनं खुर्च्यांचा भाग वाचला. बसमध्ये एकटीच हसली म्हणे, शेजारची बाई सरकून बसली. "तरी बेस्ट नाही हं," म्हणाली. म्हटलं, बरं!

१० फेब्रुवारी, सोमवार

संध्याकाळी अप्पा आपण होऊन म्हणाले, "मला आता चांगलं दिसतं. चार-आठ दिवस झाले."

मी म्हटलं, "हो का?"

"उद्या आष्टीला जातो. आधी तुझ्या कोर्टात येतो, मंग तिथनंच गाडी धरतो."

"कोर्टात?"

"उद्याच तारीख हाय ना? कॅलेंडरवर गोल केलाय तू."

जेवण झालं. त्यांनी पिशवी भरली. मी भरू दिली. येऊन ते काय बोलणार आहेत, हे विचारायची हिंमत झाली नाही. परत "सहन कर" म्हणाले तर? या वेळी सगळ्यांसमोर?

११ फेब्रुवारी, मंगळवार

व्हरांड्यात संपतचे काका पुढं आले. "गुरुजी, तुम्हीच समजवा पोरीला. मागं तुम्हीच तर आणून सोडलं होतं."

अप्पा म्हणाले, "सोडलं. ते माझं चुकलं. आता ती न्हाई येणार." भर व्हरांड्यात, वर्गात बोलतात तशा मोठ्या आवाजात.

बाहेर आलो तर आष्टीची एसटी समोरच उभी, कंडक्टर ओरडून राह्यलेला. अप्पांनी पिशवी माझ्या स्कूटीच्या हुकला अडकवली आणि मागं बसले.