ख्वानच्या समोरची जागा

मी, लामाय स्रीचान, वय एकाहत्तर, धंदा नाचणाऱ्या मुलींच्या अंगावर पोशाख शिवण्याचा, राहणार फेत्चबुरी, हे स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण सहीला ते लागत नाहीत.

एक. नदीकाठचं घर आणि बँकेतली ठेव माझी नात ख्वान हिला. ठेवीतून आधी तिचे उपचार चालावेत. मागच्या मृत्युपत्रात मी लिहिलं होतं, 'वजन पन्नास किलो भरल्यावरच घर मिळेल.' ते ऐकून तिच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, तिच्या डोक्यात आधीच एक वजनकाटा बसलाय. तुम्ही आणखी एक कशाला देताय?" मला लाज वाटली. ती अट रद्द. घर बिनशर्त तिचं.

दोन. सुया, जरी, मणी नाट्यशाळेला. टाके कापायची लहान कात्री मात्र ख्वानला. आमच्यात नाचाआधी पोशाख अंगावरच शिवतात आणि नाच संपल्यावर टाके कापतात. ख्वानही नाचायची. ती आजारी पडली त्या वर्षी दर खेपेला तिच्या पाठीवर कापड जास्तच दुमडावं लागे. पोर वाळतेय हे सगळ्यांआधी माझ्या बोटांना कळलं. आणि मी काय म्हणाले? "वा गं बाई, आता खरी अप्सरा शोभतेस!" पुढे ती रंगमंचावरच कोसळली. याच कात्रीने मी टाके कापले, तर आत नुसत्या बरगड्या. ख्वान, माझं चुकलं गं. तो नखरा नव्हता, हट्ट नव्हता, आजार होता. आजाराला उपचार असतो, हे मला सत्तरीला कळलं.

तीन. नृत्यशिक्षिका रम्फाबाई यांना काहीएक देऊ नये. सगळ्या मुलींसमोर त्या ख्वानला म्हणाल्या होत्या, "गाल कमी कर." दोन वर्षं मी त्यांचं तोंड पाहिलेलं नाही.

चार. दीड वर्ष तिन्ही वेळा मी ख्वानच्या समोर जेवायला बसते. तिच्या ताटाकडे बघत नाही, शेजारणींच्या कागाळ्या सांगते. कधी तास लागतो, कधी ताट भिरकावलं जातं. आपण बसून राहायचं. परवा तिने विचारलं, "आजी, तू गेल्यावर समोर कोण बसणार?"

घर देता येतं, पण ही जागा कोणाच्या नावावर करू? म्हटलं, "तूच सांग."

"रम्फाबाईंना बोलाव."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "त्या बयेला? तिनेच तर..."

"तू पण म्हणालीसच की, आजी."

म्हणून कलम तीनवर रेघ मारली आहे. समोरची जागा रम्फाबाईंना.

फेत्चबुरी, बुद्धवर्ष २५६७, चौथ्या महिन्याची नऊ तारीख.
सही: लामाय स्रीचान

साक्षीदार एक: बुन्लुआ, शेजारी, ताडगूळवाले.

साक्षीदार दोन: रम्फा (कागद बुन्लुआंच्या हाती त्यांच्या घरी पाठवला होता). सहीखाली त्यांच्याच अक्षरात: 'तुमच्या मरणाची वाट कशाला बघू? उद्या सकाळच्या पेजेला येते. वजनाचा विषय काढला तर हाकलून द्या.'

ताजा कलम, दहा तारीख. आल्या. दारातच रडल्या. ख्वान म्हणाली, "बाई, पेज निवतेय, या ना." तीन वाडगे तिनेच मांडले होते.