टाळी न वाजवता

प्रिय अक्षता,

हे पत्र उद्या सकाळी तुझ्या डब्याच्या पिशवीत ठेवीन. आधी जेव, मग वाच. घरी समोरासमोर बोलायला गेले असते तर माझा आवाज चढला असता, तू नेहमीसारखी गप्प झाली असतीस आणि सुबोधने टीव्ही मोठा केला असता. सून होऊन आल्यापासून पाच वर्षांत आपल्या घराची ही रीत तुला पाठ झाली आहे.

तुझी ऋतिका बरी आहे. हे खरं तर पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं. ताप नाही, कुठे पडली नाही. आत्ता शेजारी झोपली आहे, एक पाय माझ्या मांडीवर टाकून, म्हणून अक्षर वाकडं येतंय. मी घाबरले आहे, हेही एक कारण. तू मला घाबरलेली पाहिलेली नाहीस. सुबोधनेही नाही.

तुला माहीत आहे, एकतीस वर्षं मी अंगणवाड्यांची मुख्यसेविका होते. कॉलेजात बालविकास शिकले, पण कामातलं खरं शिक्षण घाटकोपरच्या डोंगरावरच्या आणि मानखुर्दच्या खोल्यांमध्ये झालं. नवीन सेविका आली की पहिल्या आठवड्यात मी तिला एकच गोष्ट घोटून घ्यायला लावायचे. मूल खेळात असताना त्याच्या मागे उभं राहायचं आणि साध्या आवाजात नाव घ्यायचं. टाळी नाही, खुळखुळा नाही. टाळीला कोणीही वळतं. नावाला वळतं का, ते बघायचं. एकीने टाळी वाजवून रजिस्टरमधला रकाना भरला होता. मी सगळ्यांसमोर तिचं रजिस्टर मिटून तिच्या हातात दिलं. ती रडली. मला तेव्हा काही वाटलं नव्हतं.

गणपतीत पाहुणे गेल्यावर आपण भांडी पुसत होतो, आठवतं? तू हळूच म्हणालीस, "आई, ही बोट करून काही दाखवत नाही ना? हाक मारली तरी बघत नाही." ती तेव्हा अठरा महिन्यांची होती. मी तुला काय ऐकवलं, ते तू विसरली नसशील. मोबाईलमध्ये वाचून पोरं वाढवू नकोस, सुबोध अडीच वर्षांपर्यंत बोलत नव्हता. अक्षता, सुबोध तेराव्या महिन्यात पाणी मागत होता. तुला गप्प करायला मी ते रचलं होतं.

पुढच्याच आठवड्यात मी तिला लसीला नेणार होते. आदल्या दुपारी ती खिडकीशी कपड्यांचे चिमटे घेऊन बसली होती. मी मागे उभी राहिले आणि नाव घेतलं. तीनदा. चौथ्यांदा माझे हात आपोआप एकमेकांवर आले. ती वळली. मी लगेच तिचं लसीचं कार्ड काढलं आणि 'नावाने हाक मारल्यावर वळते' या ओळीपुढे बरोबरची खूण केली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी तेच विचारलं. मी ठणकावून सांगितलं, वळते.

तिला ऐकू येतं. कुकरची शिट्टी झाली की कान झाकते. बाटली हवी असली की माझं मनगट धरून हात बाटलीकडे ढकलते, माझ्या तोंडाकडे मात्र बघत नाही. आणि मी अलीकडे दिवसभर तिला हाकच मारत नाही. नावच घेतलं नाही, तर ती वळली नाही हे बघावं लागत नाही. तू संध्याकाळी दारातून "ऋतू" म्हणतेस ना, तेव्हा मी स्वयंपाकघरात नळ सोडते.

सोमवारी तिला घेऊन घाटकोपरच्या बाजारात गेले होते. तिथे सपना भेटली. डोंगरावर राहते. तिचा सम्यक दोन वर्षांचा असताना मीच तिला म्हटलं होतं, याला दाखवायला हवं. ती जाम चिडली. "मॅडम, तुमच्या घरात असं मूल असतं तर असं धाडकन बोलला असता का?" मी म्हटलं, माझ्या घरात असतं तर आज दुपारीच घेऊन गेले असते. ती दुसऱ्या दिवशी गेली, आणि दोन वर्षं आठवड्यातून दोनदा त्याला उपचारांना नेत राहिली. सम्यक आता सातवीत आहे. मोजकं बोलतो, पण शाळेत एकटा जातो.

सपनाने ऋतिकाचं नाव विचारलं. मग माझ्याशी कोथिंबिरीच्या भावाबद्दल बोलता बोलता ती सहज ऋतिकाच्या मागे जाऊन उभी राहिली आणि साध्या आवाजात म्हणाली, "ऋतिका." टाळी वाजवली नाही. थांबली, पुन्हा म्हणाली. मी हातातली जुडी परत टोपलीत ठेवली. सपना टोमणा मारू शकली असती, तिचा हक्क होता. ती फक्त म्हणाली, "मॅडम, कधी जाताय?"

ऋतिकाला काय आहे, मला ठाऊक नाही. ते सांगणं माझं काम कधीच नव्हतं. वेळेत पाठवणं हे काम होतं. प्रत्येक महिना मोलाचा, असं मी हजार आयांना सांगितलं आणि आपल्या मुलीचे चार महिने घालवले. तू तर बरोबर पाहिलं होतंस.

गुरुवारी साडेदहाची वेळ घेतली आहे, लहान मुलांच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, मुलांची वाढ तपासून लवकर उपचार सुरू करतात तिथे. तू रजा टाक. सुबोधला मी सांगेन. पण हे पत्र लिहिलं ते यासाठी नाही, एवढं फोनवरही सांगता आलं असतं. तिथल्या बाई आधी विचारतील, दिवसभर मुलीजवळ कोण असतं? तू माझ्याकडे बघशील. मग त्या विचारतील, नावाला वळते का? या प्रश्नावर मी कितीतरी आयांना खोटं बोलताना पाहिलं आहे, डोळ्याला डोळा भिडवून, ठाम आवाजात. माझा आवाज त्या सगळ्यांपेक्षा ठाम आहे, आणि मला माझा भरवसा नाही. म्हणून खाली पूर्ण नावाने सही केली आहे. गुरुवारी हे पर्समध्ये ठेव. मी "हो" म्हणाले तर माझ्याशी वाद घालू नकोस. हे पत्र त्यांच्या टेबलावर ठेव.

तुझीच,
आई
रत्नप्रभा जयवंत परब
मुलुंड