तुमच्या लिव्हरमधलं लोह

आबा,

तुम्ही गेलात तेव्हा सेलूत सगळ्यांचं निदान एकच होतं: चोरून पीत असणार. कापसाच्या जिनिंगमधला फिटर, लिव्हर खराब, पोटात पाणी झालेलं. लोकांना आणखी काय लागतं? डॉक्टरांनीही पहिल्यांदा तेच विचारलं, "कधीपासून घेता?" तुम्ही म्हणालात, "सुपारीबिगर कायबी घेत न्हाई, साहेब." डॉक्टर हसले. आई हसली नाही. तुम्ही कामावरून आलात की डबा हातातून घेताना ती जरा जास्तच जवळ यायची, वास घ्यायला. तुम्हाला ते कळत असावं, कारण तुम्ही उंबऱ्यावर थांबून मोठ्यानं श्वास सोडायचात आणि मगच पाय धुवायला जायचात. पुढं काही वर्षांनी तीही वारली, मनात तोच संशय घेऊन.

धाकट्या भावानं तर तुमच्याशी बोलणंच टाकलं होतं. शाळेत पोरं त्याला छळायची. तुम्ही जेवायला बसला आहात, भाकरी मोडताय, आणि तो चुलीपाशी उभा राहून म्हणतोय, "तुमच्यापायी मान खाली घालून हिंडायलोय मी." तुमच्या बोटांचे सांधे सुजलेले, भाकरी मोडतानाही दुखायचं. "असू दे," एवढंच तुम्ही म्हणालात. अंग काळवंडलं होतं, साखर वाढली होती. जिनिंगचं काम, उन्हातलं येणंजाणं, वय. प्रत्येक दुखण्याला आम्ही वेगवेगळं कारण लावलं.

मी आता पाथरीच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. मागच्या वर्षी माझीही बोटं तशीच दुखायला लागली. संधिवात असेल म्हणून रक्त तपासलं, तर फेरिटिन, म्हणजे अंगात साठलेल्या लोहाचं माप, भलतंच वर. पुढं जनुकाची तपासणी झाली. अन्नातलं किती लोह आत घ्यावं याला शरीरात एक लगाम असतो, तो आपल्या घरात जन्मापासूनच सैल आहे. जास्तीचं लोह लिव्हरमध्ये, सांध्यांत, कातडीत, साखर सांभाळणाऱ्या स्वादुपिंडात जाऊन बसतं. पाळी चालू असेतोवर बाईचं थोडं लोह बाहेर जातं, म्हणून माझं उशिरा दिसलं. उपाय म्हणजे अधूनमधून पिशवीभर रक्त काढून टाकायचं. आपल्याकडे दवाखान्यात गेलेल्या बाईला आधी रक्त कमी असल्याचंच सांगतात. सिस्टर सुई लावताना म्हणाली, "समद्यांना चढवायलोत अन् तुमचं काढायलोत, मॅडम. लय नवल हाय."

सवयीप्रमाणं या आजाराबद्दल वाचत गेले. डीएनएवर मेथिल नावाच्या बारीक रासायनिक खुणा असतात. अक्षरं तीच राहतात, पण कोणतं जनुक वाचायचं आणि कोणतं मिटून ठेवायचं हे बऱ्याच अंशी या खुणांवर ठरतं. लोह फार झालं की या खुणा जागा सोडतात, असं दिसू लागलं आहे. मिटलेलं उघडतं, उघडं मिटतं, आणि आजार वर दिसण्याच्या कितीतरी आधी लिव्हरच्या पेशी वेगळं वागू लागलेल्या असतात. किती खुणा आजार घडवतात आणि किती त्याच्यामागून येतात, हे अजून पक्कं ठाऊक नाही. मला हे वाचताना तुमचं जेवणाचं ताट आठवलं, सुजल्या बोटांनी मोडलेली ती भाकरी आठवली. उंबऱ्यावर तुम्ही आईसमोर श्वास सोडत होतात तेव्हा आत हे चाललं असेल. फार वाईट वाटलं.

भावानंही तपासून घ्यायला हवं होतं. तो ऐकेना. "मी थेंबाला शिवलो न्हाई, आक्का. मला कशाला लिव्हरचं दुखणं होईल?" तुमच्यासारखं व्हायचं नाही यातच त्याची जवानी गेली. आणि थकवा येतो म्हणून हा बहाद्दर दोन्ही वेळेला लोहाचं टॉनिक पीत होता. मी बाटली ओतून दिली तर भडकला. "मला तपासून तुला आबांना निर्दोष करायचंय, दुसरं काय न्हाई." मी म्हणाले, "त्यांचं आता काय व्हायचं राहिलंय? तू मरशील." दुसऱ्या दिवशी तो तपासायला आला.

त्याचा रिपोर्ट माझ्यापेक्षा वाईट निघाला. लिव्हर अजून हाताबाहेर गेलेलं नाही, रक्त काढायला सुरुवात करू, असं डॉक्टर म्हणाले. बाहेर येऊन तो जिन्यावर बसला. केस पिकलेला माणूस, खाली बघत विचारतो, "म्हंजी आबा पीत न्हवते?"

"न्हवते," मी म्हणाले. लगेच, न अडखळता. तो तोंडावर रुमाल धरून रडला, आणि मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

पण आबा, रिपोर्टात तेवढं नाही. आपल्या रक्तात हा दोष आहे आणि एवढ्यानंही लिव्हर जाऊ शकतं, इथवरच मला सांगता येतं. पिणाऱ्याच्या अंगातही लोह साठू शकतं. वर्गातल्या मुलांनी पुराव्याशिवाय असं ठोकून दिलं तर मी मार्क कापते. त्याला सांगितलं ते बरंच केलं, परत विचारलं तरी तेच सांगेन. हा कागद कुठं जायचा नाही, म्हणून तुम्हालाच विचारते.

पीत नव्हतात ना, आबा?