मागच्या कोपऱ्यातला ठिपका

दादा, दवाखान्याची मोटार परवा पावसात पुन्हा गळाली. तुम्ही चालवायचात तीच. लढाईच्या काळात मी सिकंदराबादला बायकांच्या पलटणीत मोटारदुरुस्ती शिकले. आता हिंगोलीला परत येऊन हीच गाडी चालवते आणि दुरुस्तही करते. तुम्हाला जाऊन तेरा वर्षं झाली. हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, हे मला कळतं. तरी लिहिते, कारण दुसऱ्या कोणाला सांगण्यासारखं ते नाही.

मी, तुमची लेक, तेव्हा अकरा वर्षांची होते. गोरेगावहून आणलेली एक बाळंतीण मागच्या सीटवर लेकरासकट भिजली, आणि डॉक्टरीणबाईंनी तुम्हाला व्हरांड्यात बोलावलं. "पुन्हा पेशंट भिजला तर गाडी विकून टाकीन," त्या म्हणाल्या. गाडी नाही तर ड्रायव्हरही नाही, हे त्यांना बोलून दाखवावं लागलं नाही. घरी येऊन तुम्ही आईला म्हणालात, "आत बसून छत्री उघडावी लागती, अशी मोटार साऱ्या मुलखात एकच हाय." आई हसली नाही. गाडीचं छप्पर कापडी, लाकडी पट्ट्यांवर ताणलेलं. पाणी एका जागी शिरायचं आणि पट्टीवरून वाहत जाऊन भलतीकडेच टपकायचं. चार दिवस तुम्ही शोधत होतात. हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे कुंकू करणाऱ्या प्रत्येक घराला माहीत; ते मोटारीवर करून पाहायचं तुम्हाला सुचलं. आतलं अस्तर सोडवून तुम्ही प्रत्येक जोडावर कोरडी हळद चोळलीत, मला आत बसवून दारं लावलीत आणि बाहेरून चुन्याची निवळी तांब्यातांब्यानं ओतू लागलात.

आत उकडतं आहे. हळदीनं नाक भरलं आहे. काचेपलीकडे तुमचा हात वर जातो, खाली येतो. "दिसलं का?" तुम्ही विचारता. मला बाहेर यायचं आहे. "व्हय, पुढच्या काचेवर," मी सांगते. तुम्ही काचेवरची सगळी पट्टी उसवता. खालचं लाकूड ठणठणीत कोरडं.

"काहून सांगितलंस?"

"वाटलं."

"वाटलेलं सांगू नको, माय. दिसलं तेवढंच सांग. तुझ्या वाटण्यात माझा अर्धा दिस गेला."

तुम्ही आवाज चढवला नव्हता. म्हणूनच ते मला जास्त लागलं. दुसऱ्या खेपेला मागच्या उजव्या कोपऱ्यात, खिळ्याच्या डोक्याशी, ज्वारीच्या दाण्याएवढा ठिपका लाल झाला. मी तो नीट पाहिला. "दिसलं का?" तुम्ही विचारलंत. "न्हाई," मी म्हणाले, आणि परकराच्या काठानं तो पुसून टाकला. मी रागावले होते. दुसरं कारण नव्हतं. संध्याकाळी तुमची नजर परकरावर गेली. "हे काय लागलं?" "कुंकू." "बरं," तुम्ही म्हणालात आणि जेवायला बसलात. दोन दिवसांनी परकराचा काठ एका बाजूनं कापलेला होता. आई म्हणाली, डाग निघंना, म्हणून कापला.

त्या पावसाळ्यात ढग भरून आले की मी दारात जाऊन मोटारीची वाट पाहायची. तुम्ही शिरड शहापूरहून भिजत्या रस्त्यानं परत आलात की मी हळूच मागची सीट चाचपायची. ती कोरडी असायची. दिवाळीपर्यंत कोरडीच राहिली. मग मी मनाशी ठरवलं की तो ठिपकाही मला नुसता वाटलाच असेल. त्याच हिवाळ्यात तुम्ही तापानं गेलात. शेवटपर्यंत गाडी तुमच्याच हातात होती.

सिकंदराबादला गळती शोधायला खडूची पूड शिकवली होती. परवा मी हळदच वापरली. आत मी बसले, निवळी दवाखान्यातल्या आयाबाईंनी ओतली. "ताई, गाडीचं लगीन हाय का काय? हळद लावून राहिल्या," त्या म्हणाल्या. गळती पुढच्या डाव्या जोडाला निघाली. काम सोपं होतं. पण जोडांवरचे राळ-कापडाचे जुने थर सगळे काढून नवे द्यायचे ही आमच्या पलटणीची शिस्त, म्हणून मी मागचं अस्तरही सोडवलं. उजव्या कोपऱ्यात, त्या खिळ्याच्या डोक्यावर, राळेत बुडवून बसवलेली कापडाची पट्टी होती. कडेनं सारख्या अंतरावर बारीक खिळे, तुम्ही मारायचात तसे. कापड हिरवं, काठ पिवळा. माझा परकर.

म्हणजे तुम्हाला कळलं होतं. तुम्ही जागा शोधून बुजवलीत आणि मला एका शब्दानं विचारलं नाहीत. त्या कापडावर लाल डाग आहे का, हे पाहायला राळ खरवडावी लागली असती. मी खरवडली नाही. म्हणून डाग आहे असं मी म्हणणार नाही. कापड दिसलं, तेवढंच सांगते. त्या जागी हळद चोळून निवळी ओतून पाहिली. हळद पिवळीच राहिली.

दवाखान्याच्या वहीत मी लिहिलं आहे, ‘छपराचे सर्व जुने थर काढून नवे दिले.’ खाली डॉक्टरीणबाईंची सही आहे. ते खरं नाही, दादा. तुमचा एक तसाच ठेवला आहे.