दुसऱ्या ओळीतले ट्रॉनहाइम

लांगहोल्मा बेट,
२१ एप्रिल

चि. सुन्निव्हा हिस,
आजोबांचे अ. उ. आ.

तुझे पत्र शुक्रवारच्या बोटीने पोचले. विद्यापीठाचा अर्ज मुदतीत गेला, हे वाचून समाधान वाटले. त्याहून समाधान याचे, की पसंतीचा क्रम लावताना तू माझे ऐकलेस: पहिल्या ओळीत बर्गनची विद्युत अभियांत्रिकी, दुसऱ्या ओळीत ट्रॉनहाइमची जहाजबांधणी. जे हमखास मिळणार, ते नम्रपणे आधी मागावे. कॉफीच्या टेबलावर केकचा मोठा तुकडा आधी उचलणारे पाहुणे आपल्या घरात कधीच कुणाला आवडले नाहीत.

आता काही शंका. हा क्रम वाचतो कोण, माणूस की यंत्र? आपल्याला दुसरे ठेवले, हे ट्रॉनहाइमच्या प्राध्यापकांना कळले, तर त्यांना राग येत नाही का?

तुझ्या पत्रात स्वल्पविराम फारच कमी पडले आहेत. सोबत थोडे पाठवत आहे, लागतील तसे वापर: , , , , ,

लोभ आहे तेवढा राहू दे, अक्षर मात्र सुधारू दे.

तुझा,
आजोबा

बर्गन,
२ मे

ती. आजोबांस,
सुन्निव्हाचा सा. न. वि. वि.

स्वल्पविराम मिळाले, आभारी आहे, लगेच वापरतेय.

क्रम यंत्रच वाचतं. देशभरातल्या मुलांचे अर्ज एकाच ठिकाणी जातात. यंत्र यादी वरून खाली वाचत येतं, ज्या ओळीला आपले गुण पुरतात तिथे थांबतं, ती जागा देतं आणि खालच्या सगळ्या ओळी पुसून टाकतं. कुणाला कितवं ठेवलं हे कॉलेजांना कळतच नाही, त्यामुळे प्राध्यापकांचे रुसवे काढायला नकोत. एक जुलैपर्यंत क्रम बदलताही येतो. आई म्हणते की आजोबांना सांग, शाळेतल्या पोरांना घालायचात तो धाक या यंत्राला घालता येणार नाही.

गेल्या आठवड्यात वर्गाबरोबर गोदी पाहायला गेले होते. कोरड्या गोदीत एक जहाज उभं होतं आणि आम्हाला त्याच्या पोटाखाली जाऊ दिलं. आजोबा, डोक्यावर केवढं तरी लोखंड, आणि त्याचा बाक इतका हळुवार, की मी हात लावून बघत राहिले. वजन कितीही असो, आकार त्याला तरंगवतो, असं तिथला माणूस म्हणाला. मग मी त्याला एवढं विचारलं की बाकीची मुलं बसमध्ये जाऊन बसली आणि बाईंना मला हाका मारायला परत यावं लागलं. असो, पत्र फार लांबलं.

माया असू द्यावी, लाल शाई आवरावी.

आपली,
सुन्निव्हा

लांगहोल्मा,
११ मे

चि. सुन्निव्हा हिस,
अ. उ. आ.

तू कळवलेला नियम नीट समजावा म्हणून मी तुझी यादी कागदाच्या पट्ट्यांवर लिहून जेवणाच्या टेबलावर मांडली. शेजारच्या बोर्गहिल्डबाई यंत्र झाल्या. त्या वरून खाली बोट फिरवत आल्या आणि दर खेपेस बर्गनवरच थांबल्या, कारण तुझे गुण तिथे पुरून उरतात. ट्रॉनहाइमपर्यंत बोट पोचलेच नाही. तेव्हा त्या म्हणाल्या की मास्तर, ती दुसरी ओळ तुम्ही भिंतीवरच्या बशीसारखी नुसती शोभेला लावलीत की काय! मी पट्ट्या गोळा केल्या आणि तुझे पत्र पुन्हा वाचले.

माझा सल्ला चुकीचा होता, हे मान्य. परंतु नियम तर तूच मला समजावलास. म्हणजे अर्ज भरतानाही तो तुला ठाऊक असणार. मग क्रम तसाच का ठेवलास? वळणे न घेता लिहावे.

लोभ गृहीत धरतो. उत्तराची वाट पाहतो.

आजोबा

बर्गन,
२४ मे

ती. आजोबांस,
सा. न. वि. वि.

हो, ठाऊक होता. तुम्ही नम्रपणाचं सांगितलंत तेव्हा बरंच वाटलं, आयती सबब मिळाली. खरं कारण तुम्ही आहात.

बर्गनहून दर शनिवारी बोटीने तुमच्याकडे येता येतं. ट्रॉनहाइमहून येणार ते नाताळात आणि उन्हाळ्यात, बस. आजी गेल्यापासून मी येते त्या शनिवारीच तुम्ही मासे शिजवता, बाकीचे दिवस पाव आणि चीज, हे मला बोर्गहिल्डमावशींनी सांगितलंय. त्यांच्यावर चिडू नका. आणि वीज काही वाईट नाही, तिच्यावाचून तुमची सकाळची कॉफी व्हायची नाही.

रागावलात तरी लोभ कमी करू नये.

सुन्निव्हा

लांगहोल्मा,
५ जून

चि. सुन्निव्हा हिस आशीर्वाद. ते उत्तम आहेत की नाहीत, हे पत्र संपल्यावर तूच ठरव.

बोर्गहिल्डबाईंशी मी अबोला धरला होता. त्या कुंपणापाशी येऊन म्हणाल्या की मास्तर, मी त्यात खोटे काय सांगितले तेवढे दाखवा. दाखवता येईना, म्हणून अबोला सोडला.

शनिवार लांबतील, हे मी नाकारत नाही. परंतु तुझ्या यादीत एक न लिहिलेली ओळ होऊन सगळ्यांच्या वर बसणे मला मान्य नाही. मी त्या जागेसाठी अर्ज केलेला नाही. मासे मंगळवारीही शिजतात.

तुला वीज मनापासून आवडत असेल, तर तिच्याविषयी दोन पाने लिहून पाठव. ती पटली, तर मी पुढे अवाक्षर काढणार नाही. एवढेच सांगतो, की गोदीतल्या जहाजाविषयी तू लिहिलेस ते वाचून मी काठी घेऊन धक्क्यावर गेलो आणि बोटीचे पोट दिसते का, ते वाकून पाहून आलो. जन्मभर बोटीने हिंडलो. हे कुतूहल कधी वाटले नव्हते. कॉफीविषयीचे तुझे वाक्य वाचून मात्र मी विजेच्या किटलीकडे ढुंकूनही पाहिले नाही.

रागावलो आहे. लोभ त्याहून जुना आहे.

आजोबा

बर्गन,
२९ जून

ती. आजोबांस,
सा. न. वि. वि.

दोन पानं लिहायला बसले. पहिल्या पानाच्या मध्यावर वीज जहाजात शिरली, आणि मग शेवटपर्यंत जहाजच. ते पान पाठवत नाही.

काल क्रम बदलला. ट्रॉनहाइम वर. यंत्राने विचारलं की नक्की ना, आणि मी यादी पुन्हा तीनदा वाचून काढली. आई मागून डोकावली आणि म्हणाली की अगं, तुझ्या बाबांना हो म्हणताना मीसुद्धा एवढा विचार केला नव्हता! मग बटण दाबलं.

तिथे गुण पुरतात का, ते वीस जुलैला कळेल. नाहीतर बर्गन आहेच. भीती वाटते आजोबा, न मिळण्याची, आणि मिळण्याचीही.

लोभाची आत्ताच जास्त गरज आहे.

सुन्निव्हा

लांगहोल्मा,
२३ जुलै

चि. सुन्निव्हा हिस,
अ. उ. आ., या वेळी कोणतीही अट न घालता.

तुझ्या आईचा फोन आला. ती रडत होती, म्हणून प्रथम वाटले की मिळाले नाही. बोर्गहिल्डबाईंनी वाढदिवसाला चढवतात तसा अंगणात झेंडा चढवला. पोस्टमन विचारू लागला की आज वाढदिवस कुणाचा? मास्तरांची नात पाच वर्षांसाठी ट्रॉनहाइमला चालली, असे त्यांनी सांगितले. तेव्हा अभिनंदन करावे की सांत्वन, हे त्याला कळेना. मी त्याला कॉफीला बसवले.

आता शंका. काल मालवाहू बोट रिकामी आली, तेव्हा तिच्या नाकाखाली, एरवी पाण्यात बुडालेला, बटाट्यासारखा फुगीर गोळा दिसला. पाणी कापायचे, तर नाक धारदार हवे, अशी माझी समजूत. मग हा गोळा कशासाठी? कप्तानाला विचारले, तर तो म्हणाला की मास्तर, मी बोट चालवतो, बांधत नाही. तेव्हा प्रश्न तुझ्या नावावर ठेवला आहे. अंदाजाने उत्तर देऊ नकोस. शिकून, स्वतःला पटल्यावर लिही. अभ्यासक्रम पाच वर्षांचा आहे, हे मी जाणतो. मला घाई नाही.

लोभ तोवर असावा, आणि त्यानंतरही.

तुझा,
आजोबा