खाड्याचा दिवस

२ एप्रिल
पाळणाघराची सेविका मायाक्का आज दानूला माझ्या कडेवरून घेता घेताच म्हणाली, "पुढच्या गुरुवारी मॅडम तपासणीला येणार हायत. त्यांनी व्हय म्हटलं तर सरकार हे चालवणार, न्हायतर बंद."

पाळणाघर सुरू झाल्यापासून तीन महिन्यांत शिलाई मशीनवर बसून एकदाही पोरीची काळजी केलेली नाही मी. दानू आता स्वतःच्या हातानं भात खाते. निम्मा अंगावर, पण स्वतःच्या हातानं! त्याआधी आठ महिने तिला मंगळवेढ्याला सासूबाईंकडं ठेवली होती. आणायला गेले तर त्यांच्या पदराआड लपली, माझ्याकडं येईना. ते परत नको. काही झालं तरी नको.

७ एप्रिल
कारखान्यात युनिफॉर्मचा सीझन भरात आहे. शाळा जूनमध्ये उघडतात, माना आमच्या आत्ताच मोडतात. तरी जेवायच्या सुट्टीत मी पाळणाघरातल्या पोरांच्या सगळ्या आयांना म्हटलं, गुरुवारी कामावर जायचं नाही. एवढ्या मोठ्या बाई येणार आणि एकाही पोराची आई हजर नाही, हे बरं दिसतं का? रुपाली म्हणाली, "मालक खाडा मांडंल की." म्हटलं, मांडू दे. अकराच्या अकरा जणी तयार झाल्या. मला माझंच कौतुक वाटलं.

९ एप्रिल
इस्त्रीच्या साड्या, पोरांना पावडर, मॅडमना नारळ. वैजयंती मॅडम साडेअकराला आल्या. मऊ बोलतात. चहा घेतला, पोरांची नावं विचारली. मग आमच्याकडं बघून म्हणाल्या, "तुम्ही सगळ्या या वेळेला घरीच असता का?"

मीच पुढं झाले. "व्हय की मॅडम. पोरांकडं आमचं पुरं लक्ष असतंय. कवाबी या, आमी हितंच."

त्यांनी लिहून घेतलं. छान झालं सगळं.

१६ एप्रिल
कागद आला. 'माता दिवसा घरी उपलब्ध असल्याने पाळणाघराची आवश्यकता दिसून येत नाही.' मायाक्कानं दोनदा वाचून दाखवलं. सोमवारपासून बंद.

रुपाली म्हणाली, "आपुन चांगल्या आया दिसाय गेलो." त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

१७ एप्रिल
डोक्यातून जात नाही. चांगली आई म्हणवून घ्यायचं तर घरात दिसलं पाहिजे. मदत हवी असेल तर घरात दिसता कामा नये. मॅडमचं तरी काय चुकलं? मी सांगितलं तेच त्यांनी लिहिलं. आणि मी काय सांगितलं? बाईनं जे सांगायचं असतं म्हणून लहानपणापासून ऐकलं, तेच. कामाला जाते हे सांगायची मला लाज वाटली की काय? बारा वर्षं मशीन चालवतेय मी.

२० एप्रिल
रुपालीनं पोरगं माहेरी धाडलं. नवऱ्याचा ट्रकवरून फोन — "आईकडं सोड की तिला." सासूबाईंचाही आला — "आण हिकडं, मी हाय की." मी दोघांनाही सांगितलं, सोय झालीय.

सोय म्हणजे काय, तर दानूला जेवू घातलं, पंखा लावला, पाण्याची बाटली आणि बाहुली जवळ ठेवली, आणि बाहेरून कुलूप. एकच्या सुट्टीत पळत घरी येते, परत जाते. तीन वर्षांची पोर! लिहितानाही लाज वाटते.

२१ एप्रिल
आज रडली नाही. हे बरं की वाईट, कळेना.

२४ एप्रिल
एक वाजता घरी आले तर मॅडम माझ्या पायरीवर बसलेल्या. मायाक्का काल त्यांच्या कार्यालयात जाऊन सांगून आली होती, त्या बाया तुमच्यासाठी खाडा करून थांबल्या हुत्या म्हणून. त्यामुळं आज न सांगता आल्या. शेजारच्या तिन्ही घरांना कुलपं. माझ्याही. आणि माझ्या खिडकीच्या गजांतून दानूचा हात बाहेर, मॅडमच्या हातात. वीज गेलेली. पोर घामानं चिंब.

किल्ली लागेना मला. दार उघडल्यावर मॅडम म्हणाल्या, "त्या दिवशी खरं का नाही सांगितलंत?"

"चांगलं दिसावं म्हणून."

त्यांनी पदरानं दानूचा घाम पुसला. मग म्हणाल्या, "मी पण चहा पिऊन गेले. दुसरा प्रश्न विचारायला हवा होता."

दानूला घट्ट धरून बसले. कामावर परत गेले नाही.

४ मे
मॅडमनी कागद बदलून दिला. पाळणाघर आजपासून परत सुरू. दानूला मायाक्काकडं देऊन निघाले, तर मागून दानू शांतपणे म्हणाली, "आई, कुलूप लाव की."